सोलरचं पॅनेलवार मॉनिटरिंग: तीन महिने मागून मिळालं, सहा महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा पॅनेलचा रिव्ह्यू नाही आणि बसवणाऱ्याचा पण नाही (त्याचं नाव मी लिहिणार नाहीये, कमेंटमध्ये विचारू नका). हा त्या ॲपच्या आतल्या एका स्क्रीनचा रिव्ह्यू आहे, जी आमच्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून असायला हवी होती आणि यायला ऑक्टोबर उजाडला.

आमचं कर्वेनगरला जुनं बैठं घर, वर एक मजला नंतर चढवलेला, आणि गच्चीवर गेल्या वर्षीच्या पाडव्याच्या आसपास ५४० वॉटची आठ पॅनेल बसवली. म्हणजे ४.३२ किलोवॉट. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्याच्या वर कितीही बसवा, सबसिडी ७८ हजारच, ती आली व्यवस्थित, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर न घेता प्रत्येक पॅनेलच्या मागे एक मायक्रोइन्व्हर्टर असतो तसली सिस्टीम घेतली, साठेक हजार जास्त गेले, आणि ते जास्त का दिले तर सेल्सवाल्या मुलाने सोफ्यावर बसून चहा पीत सांगितलं होतं की मॅडम, प्रत्येक पॅनेल वेगळं दिसणार तुम्हाला मोबाइलवर, कुठलं किती काम करतंय, सगळं. मी अकाउंट्सचं काम करते, एकूण बेरीज दाखवून खातेवही न दाखवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, त्यामुळे हे वाक्य ऐकून मी तिथेच विरघळले. आमचे हे म्हणत होते कशाला, साधं घेऊ. त्यांचं ऐकलं नाही.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी, गणपतीच्या लाइटिंगची माळ आठवा. साध्या सिस्टीममध्ये सगळी पॅनेल त्या माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात आणि खाली एकच मोठा इन्व्हर्टर, त्याला फक्त माळेचा करंट आणि एकूण व्होल्टेज कळतो, कुठला दिवा मंद झालाय ते त्याला सांगता येत नाही. मायक्रोमध्ये प्रत्येक पॅनेल आपापली वीज तिथल्या तिथे एसी (घरात वापरतो तशी) करून देतं, त्यामुळे प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवता येतो, एकावर सावली आली तर बाकीच्यांना त्रास नाही. हा हिशोब घरातल्या वायरिंगमधूनच एका छोट्या डब्याकडे जातो, त्याला गेटवे म्हणतात, आणि तिथून वायफायने कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणजे डेटा तयार होतोच. दर थोड्या मिनिटांनी, आठही पॅनेलचा, आमच्या वायफायवरून, आमच्या इंटरनेटच्या पैशाने बाहेर जातो.

आणि आम्हाला ॲपमध्ये दिसत काय होतं? एक हिरवा गोल. त्यात आजचे युनिट. खाली महिन्याचे युनिट, किती झाडं वाचवली, आणि "सिस्टीम नॉर्मल". झाडं वाचवल्याचा आकडा रोज वाढतो, आमच्या समोरचा गुलमोहर तेवढ्यात रिडेव्हलपमेंटवाल्यांनी पाडला ते सोडा.

मला वाटलं कुठेतरी आत असेल, माझ्या मुलाने पण सगळे मेनू उलटेपालटे केले. नाही. मग कळलं की या ॲपची दोन दारं असतात, एक घरमालकाचं आणि एक बसवणाऱ्याचं, आणि पॅनेलवार नकाशा बसवणाऱ्याच्या दारातून दिसतो, त्याने परवानगीचं बटण दाबलं तर आपल्याला पण दिसतो. बटण आहे. दाबायला दहा सेकंद लागतात.

इथे आमच्या अण्णांची एंट्री. अण्णा म्हणजे सासरे, वय ८१, त्यांना ॲप आवडत नाही. सोलरचं जे वेगळं जनरेशन मीटर बसवतात त्याचं रीडिंग ते रोज संध्याकाळी चष्मा पुसून वाचतात आणि कालनिर्णयवर दुधाच्या लिटरशेजारी लिहितात. एप्रिलमध्ये रोज १९, २०. मेमध्ये ऊन जास्त तरी १८, १९, (हे का ते पुढे सांगते). जून उजाडला, पाऊस आला, ११, ९, ७, कधी ४. सगळे म्हणाले पावसाळा आहे. बसवणारा म्हणाला पावसाळा आहे. ॲप म्हणालं नॉर्मल. आणि पावसाळा होताच की, खोटं कोणीच बोलत नव्हतं.

ऑगस्ट अजून अर्धा जायचा होता, तोवर रक्षाबंधनाला माझा वारज्याचा मावसभाऊ आला. त्याचं ३ किलोवॉटचं साधं स्ट्रिंगवालं आहे. जेवण झाल्यावर गप्पांत आकडे निघाले, जुलैची रोजची सरासरी त्याची ७.३, आमची ९.१, आणि अण्णा खूश झाले की आपलं जास्त. मी म्हंटलं थांबा अण्णा, त्याचं तीनच आहे. भागाकार केला. त्याचे किलोवॉटमागे २.४३ आणि आमचे २.१. वारजे आणि कर्वेनगर, मध्ये हायवे आहे फक्त, ढग तेच, पाऊस तोच, आणि आमची सिस्टीम महाग. सोलर असलेल्या कोणाशीही तुलना करताना हा भागाकार आधी करा, नुसते युनिट सांगणं म्हणजे किती जण जेवले ते न सांगता किती पोळ्या लागल्या ते सांगण्यासारखं आहे. आणि नंतर माझ्या डोक्यात आलं की २.१ ला २.४३ ने भागलं तर साधारण आठातले सात येतात. तेव्हा ते लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही आलं.

तशी जुलैपासून मी हा नकाशा मागत होतेच, तेव्हा फक्त उत्सुकता म्हणून, आता संशय म्हणून बसवणाऱ्याला फोन केला. संवाद साधारण असा:

"मॅडम, ते टेक्निकल असतं, तुम्हाला उगाच कन्फ्यूजन होईल."

"होऊ दे की, कन्फ्यूजन माझं मी बघते."

"नाही, कस्टमर मग रोज फोन करतात, आज पाच नंबरचं कमी का, सहा नंबरचं जास्त का."

"मग सांगायचं का ते."

"बघतो मॅडम, सरांना विचारून सांगतो."

सर कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या फोनला उत्तर बदललं, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) घ्या, वर्षाचे साडेचार हजार, त्यात आम्हीच मॉनिटरिंग करतो, तुम्हाला बघायची गरजच नाही. म्हणजे जे दाखवू म्हणून आधी पैसे घेतले तेच बघण्याचे आता वर्षाला वेगळे. आमचे हे तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त पेपर थोडा वर उचलला. लग्नाला २६ वर्षं झालीत, मला त्या पेपरचा अर्थ कळतो.

खरं सांगायचं तर फोनवरच्या त्या मुलाची बाजू पण मला थोडी समजते. दोनशे-तीनशे घरं सांभाळायची, ऑफिसला चार माणसं, आणि आमच्यासारखे लोक सकाळी सातला ग्राफचा स्क्रीनशॉट पाठवणार. दोन पॅनेलमध्ये दोन-तीन टक्के फरक असतोच, कारखान्यातूनच असतो, त्याने कोणाची झोप उडायला नको. पण फोन येतील म्हणून वहीच दाखवायची नाही हे काही उत्तर नाही.

शेवटी रस्ता असा निघाला. मायक्रोइन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला मी स्वतः ईमेल केला, सरळ, की सिस्टीमचे पूर्ण पैसे भरलेत, मालक मी आहे, मला पॅनेल पातळीचा ॲक्सेस हवा. त्यांनी बिलाची कॉपी, गेटवेच्या स्टिकरचा फोटो आणि सिरियल नंबर मागितले. गेटवे गच्चीवर जिन्याच्या वर एसीडीबीच्या (सोलरच्या विजेचे स्विच असतात त्या) डब्यात, तो डबा उघडायला मुलगा स्टूलवर चढला तर आत एक पाल, ती माझ्या अंगावर, त्यात पाचेक मिनिटं गेली. नंतर मेलवर मेल, एकदा त्यांनी लिहिलं बसवणाऱ्याशी संपर्क साधा, मी लिहिलं त्याच्यासाठीच तर तुमच्याकडे आलेय, त्याचे नकाराचे व्हॉट्सॲप जोडले. नवव्या दिवशी, दसरा होऊन गेला होता, रात्री साडेनऊला मेल आला की तुमचा व्ह्यू बदलला आहे. सपोर्टला याबद्दल पूर्ण मार्क. माणूस नीट बोलला, एकदाही मला टेक्निकल आहे हो असं म्हणाला नाही.

उघडलं. गच्चीचा छोटा नकाशा, चार-चारच्या दोन ओळी, प्रत्येक पॅनेल एक निळा चौकोन, ज्याने जास्त दिलं तो उजळ, आत त्या दिवसाचे युनिट. सात निळे. एक काळा. पाच नंबर, शून्य.

मला वाटलं आजच गेला असेल. मागची तारीख लावली, काळा. सप्टेंबर, काळा. ऑगस्ट, राखीपौर्णिमेच्या दिवशी आम्ही खाली बसून अळूवड्या खात होतो तेव्हा पण काळा. मागे मागे जात २१ जूनला पोचलो. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, त्या दिवशी दुपारी पावणेदोनला पाच नंबर बंद पडला, आणि त्यानंतर जवळपास चार महिने "सिस्टीम नॉर्मल". अण्णांनी लगेच कालनिर्णयचं जूनचं पान काढलं, २० जूनला ११.४, २२ ला ९.८, मधल्या दिवशी त्यांनी बाजूला पेन्सिलीने "ढग" लिहिलं होतं.

यात मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला सांगू, बंद पडण्याचा नाही, यंत्र आहे, बंद पडतं. राग याचा की आठातलं एक गेलं तर साडेबारा टक्के जातात, आणि साडेबारा टक्के पुण्याच्या पावसाळ्यात सहज लपतात, कारण इथे जूनमध्ये एका दिवसात वीसाचे पाच युनिट होतात. एकूण आकड्यावरून हे मला कधीच कळलं नसतं, ऑक्टोबर हीटमध्ये पण १५ येत होते तर आम्ही म्हणत होतो चला, आता सुधारलं. नुकसान फार नाही, पावसाळ्यात एका पॅनेलचे दिवसाला दीड धरले तर १८० युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी अठराशे रुपये. पण नकाशा नसता तर पुढची २० वर्षं आम्ही सात पॅनेलवर आठचं समाधान मानलं असतं.

बसवणाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्या दिवशी फोन त्याने केला. मायक्रो वॉरंटीत होता, नवा आला १७ दिवसांनी, पण वॉरंटीत वस्तू मिळते, माणूस नाही, पॅनेल उचलून मागचा डबा बदलायला दोन माणसांचे १५०० मागितले. भांडून ८०० वर आलं. तुम्ही घेताना हे विचारून घ्या, वॉरंटीत मजुरी आहे का, कारण बिघाड पॅनेलच्या पोटाखाली असतो आणि एकेक पॅनेल २७-२८ किलोचं.

पुढची गोष्ट टाकीची, आणि ही माझी आवडती आहे. डिसेंबरमध्ये सगळे आठ निळे असताना दोन आणि तीन नंबर रोज साधारण अकराला खाली बसायचे आणि एकनंतर परत वर. रोज, ढग असो नसो. ग्राफमध्ये मधोमध खड्डा, बाकी सहा जणांची छान टेकडी. बिघाड असेल म्हणून मी फोन उचलणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, अगं वर जाऊन बघ की आधी. अकराला वर गेलो तर आमचीच सिंटेक्सची टाकी, पॅनेलच्या दक्षिणेला स्टँडवर उभी, आणि तिची सावली बरोबर दोन आणि तीनवर.

आता गंमत बघा. सर्व्हे झाला मार्चमध्ये. पुणे साडेअठरा अक्षांशावर, मार्चच्या विषुवदिनाला दुपारी सूर्य ७१-७२ अंशांवर असतो, पॅनेलच्या पातळीच्या वर सहा फूट असलेल्या टाकीची सावली पडते दोन फूट, पॅनेलपर्यंत पोचतच नाही. मेच्या मध्याला तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. पण डिसेंबरात सूर्य दुपारी पण ४८ अंशांच्या वर जात नाही, त्याच टाकीची सावली जवळपास साडेपाच फूट होते. सर्व्हेवाल्याने त्या दिवशीचं ऊन बघितलं आणि सळया ठोकल्या. दिशादर्शक ॲप हातात होतं त्याच्या, बुद्धी मात्र मार्चची. बरं सावली थोडीच पडते म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही, पॅनेलमध्ये साधारण तीन भाग असतात आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड, कोपऱ्यातल्या दोन-चार सेलवर गडद सावली आली तरी तो अख्खा भाग बाजूला पडू शकतो, म्हणजे तळहाताएवढ्या सावलीत तिसरा हिस्सा गेला.

टाकी हलवली. उत्तरेच्या कोपऱ्यात, प्लंबर, नवा पाइप, स्टँडचं वेल्डिंग धरून ४८०० रुपये. प्लंबर सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळेला आला, हे या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात अविश्वसनीय वाक्य आहे. खड्डा भरला. दोन पॅनेलचे मिळून थंडीत दिवसाला युनिटभर वाढले, आणि सावली फक्त नोव्हेंबर ते जानेवारी पडायची, म्हणजे ४८०० वसूल व्हायला पाच-सहा वर्षं जातील. हिशोबाने बघितलं तर लगेच हलवायची घाई नव्हती. पण तो खड्डा रोज दिसल्यावर मला राहवलं नाही, हा या ॲपचा दोष समजा किंवा माझा.

मेमध्ये कमी का ते सांगते म्हंटलं होतं. पॅनेलला ऊन हवं, उकाडा नको. ५४० वॉट हा आकडा सेलचं तापमान २५ असताना मोजलेला असतो, त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरचं पॅनेल ६५ अंशांना सहज जातं, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. पॅनेलवार बघताना हे मस्त दिसतं, भिंतीला चिकटून असलेलं आठ नंबर, ज्याच्याखाली वारा खेळत नाही, ते मे महिन्यात दुपारी बाकीच्यांपेक्षा थोडं मागेच असायचं. उलट सगळ्यात उंच टोक दिसतं ते पावसाळ्यात, ढग फाटून अचानक ऊन आलं की दोन-तीन मिनिटं आकडा एकदम उडी मारतो, पॅनेल गार असतं आणि ढगांच्या कडांवरून जास्तीचा उजेड येतो म्हणून.

आणि गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार समजावायची गरज नाही. दुरुस्तीसाठी लाइट गेली की सोलर पण बंद, भर उन्हात शून्य, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरने लगेच थांबायचंच असतं. ग्राफमध्ये आठही पॅनेलला एकाच मिनिटाला कडा, जशी सुरीने कापलेली. आठही एकत्र पडले तर लाइट, एक पडलं तर बिघाड, दोन ठराविक वेळेला पडले तर सावली, हळूहळू सगळे खाली आले तर धूळ. एवढं वाचता आलं की झालं, टेक्निकल टेक्निकल म्हणतात ते हे.

धुळीवरून एक प्रयोग केला, जो फक्त पॅनेलवार आकडे असतील तरच करता येतो. शेजारचा बंगला पाडून तिथे उंच बिल्डिंग होतेय, त्यामुळे आमच्या पॅनेलवर सिमेंटचा थर. धुणारा माणूस एका वेळेचे ६०० घेतो आणि दर महिन्याला धुवा म्हणतो. फेब्रुवारीत मी फक्त वरची ओळ धुतली, खालची तशीच ठेवली. आधीच्या आठवड्यात दोन्ही ओळी जवळपास सारख्या, धुतल्यावर वरची ओळ सहा-साडेसहा टक्के पुढे. दोन महिन्यांच्या धुळीचा हा भाव. मग खालची पण धुतली, दोन्ही परत सारख्या. सहा टक्के म्हणजे आम्हाला दिवसाला एक-सव्वा युनिट, आणि तेही पहिल्या दिवशी, नंतर धूळ परत बसतेच. महिन्याला ६०० देऊन हे परवडत नाही. आता मुलगा पंधरा दिवसांनी सकाळी सातच्या आत पाइपने पाणी मारतो, मऊ फडकं, साबण नाही, आणि खालच्या काठाला जी मातीची पट्टी साठते तिथे नीट पुसायचं, बोअरचं पाणी असेल तर वाळायच्या आत पुसा, पांढरे डाग राहतात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. कबुतरांबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, पण सहा नंबर अचानक दहा टक्के खाली आलं तेव्हा वर न जाताच मी सांगितलं होतं की वर काय पडलंय.

आता ॲपची गाऱ्हाणी. एक, मराठी नाही, हिंदी पण नाही, अण्णांना काही उपयोग नाही. दोन, रात्री साडेसातला कधीकधी नोटिफिकेशन, "मायक्रोइन्व्हर्टर रिपोर्ट करत नाही". अहो, सूर्य मावळलाय, तो कसा करेल. ज्या ॲपला चार महिने मेलेला मायक्रो दिसला नाही त्याला रात्रीची काळजी. तीन, गच्चीवर वायफाय धड पोचत नव्हतं, डेटा तुटक यायचा, जिन्यात एक्सटेंडर लावल्यावर ठीक झालं, मधल्या काळाचे आकडे गेटवे जपून ठेवतो आणि नंतर भरतो हे मात्र चांगलं. चार, पॅनेलवार आकडे फाइलमध्ये काढून घेता येत नाहीत निदान माझ्या लॉगिनमधून तरी, मी हाताने एक्सेलमध्ये उतरवते, लोक हसतात, हसू दे. पाच, आणि हे जरा गंभीर, बसवणाऱ्याचं दार उघडंच आहे. आमची सिस्टीम घरातला वापर पण मोजते, म्हणजे आम्ही कोकणात गेलो आणि घरातला वापर फ्रिजपुरता राहिला की ते त्याला ऑफिसात बसून दिसतं. सेटिंगमध्ये त्याचा ॲक्सेस काढता येतो म्हणतात, पण वॉरंटीच्या वेळी तोच लागणार, म्हणून ठेवलाय.

ज्यांच्याकडे साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर आहे त्यांनी पॅनेलवार नकाशा मागून उपयोग नाही, तिथे प्रत्येक पॅनेलला मोजणारं काही बसवलेलंच नसतं, ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलमागे लावायचा छोटा डबा, तो त्याचं वेगळं मोजतो) लावले असतील तर गोष्ट वेगळी. पण तुम्हाला पण बरंच काही मागता येतं. बऱ्याचदा बसवणारा ॲपमध्ये तुमच्या सिस्टीमची नोंद स्वतःच्या अकाउंटवर तयार करतो आणि तुम्हाला पाहुण्यासारखं आत घेतो, तर मालक म्हणून नोंद तुमची करून घ्या. मग आत स्ट्रिंगचा व्होल्टेज आणि करंट दिसतो. वारज्याच्या भावाला मी हेच करायला लावलं, त्याची सहा पॅनेल एका माळेत, प्रत्येकाचे साधारण ४० व्होल्ट धरले तर दुपारी २४० च्या आसपास, गरमीत थोडं कमी. त्यातून एकदम तेरा-चौदा व्होल्ट गळाले तर एखाद्या पॅनेलचा तिसरा हिस्सा बाजूला पडलाय समजा, चाळीस गळाले तर पूर्ण पॅनेल. त्याचं २३८ होतं, तो निराश झाला, त्याला काहीतरी सापडायला हवं होतं.

घ्यावं का? गच्ची चारी बाजूंनी मोकळी, सगळी पॅनेल एका दिशेला, सावली शून्य, तर नका घेऊ मायक्रो, साधं घ्या आणि उरलेल्या पैशात एखादं पॅनेल वाढवा. आमच्यासारखी गल्ली, टाक्या, जिने, नारळ, शेजारी वाढणारी बिल्डिंग असेल तर घ्या, पण कोटेशनवर हाताने लिहून घ्या की पॅनेल पातळीचा ॲक्सेस घरमालकाच्या लॉगिनवर, एएमसीशिवाय, आणि शेवटचा हप्ता तो नकाशा स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघितल्यावर. पॅनेलचे सिरियल नंबर आणि कुठला नंबर कुठे बसलाय त्याचा कागद पण मागा, आमच्या नकाशात दोन नंबर उलटे लावले होते.

मार्क देते: पॅनेलवार स्क्रीनला पाचातले साडेचार, अर्धा त्या रात्रीच्या नोटिफिकेशनचा कापला. कंपनीच्या सपोर्टला पाच. ॲक्सेस न देणाऱ्या बसवणाऱ्याला एक, तोही ८०० वर आला म्हणून.

३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद झाला, नेट मीटरवर (आपण दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारं मीटर) साठलेले युनिट त्या दिवशी संपतात, जे उरतात त्याचे ठरलेल्या दराने पैसे बिलात जमा होतात, आमचे फारसे उरले नव्हते, पाच नंबरची कृपा. अण्णांनी जुनं कालनिर्णय फेकू दिलं नाही, नव्याच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवलंय. ॲप आणि जनरेशन मीटरमध्ये रोज दोनेक टक्के फरक येतो, ॲप जरा जास्त सांगतं. काल ॲपवर १९.१ होतं, मीटरवर १८.७. अण्णांनी १८.७ लिहिलं, आणि खाली दीड लिटर.